तीन नंबरच्या आर्मास खुले पत्र

सदाशिव पेठ, पुणे

तीन नंबरच्या आर्मा,

तुला 'प्रिय' म्हणणार नाही, आणि 'स. न. वि. वि.' तर मुळीच नाही. नमस्कार घेणारा सरळ असावा लागतो. तू तीन आठवडे आमच्या टेबलावर राहिलास, रोज डोळ्यांसमोर होतास, आणि करून सवरून नामानिराळा राहिलास. तुझ्या जागी दुसऱ्यांनी बोलणी खाल्ली. त्याचा हिशेब आज मांडतो.

माझी भाची नववीत आहे. 'थ्री इडियट्स'मधलं चार पंख्यांचं यान पाहून तिनं तसं यान बनवायचं मनावर घेतलं. चित्रपट 2009 चा, तिच्या जन्माआधीचा. त्यातलं यान आयआयटी मुंबईतून शिकलेल्या, आयडियाफोर्ज काढणाऱ्या तरुणांनी खरोखर बनवलं होतं, हे तिला कळलं आणि मग ती थांबेना. दिवाळीचे आणि वाढदिवसाचे पैसे तिनं राखून ठेवले. एफ 450 ची फ्रेम, ए 2212 मोटरी, मोटरींचा वेग ठरवणारे 30 अँपिअरचे ईएससी, यानाचा तोल राखणारा केके 2.1.5 बोर्ड, सगळं एकेक करत जमवलं. वायरी, कनेक्टर आणि हीट श्रिंकसाठी बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या चार फेऱ्या झाल्या. मोटरी पेलणाऱ्या चार आर्मांपैकी पुढचे दोन लाल, मागचे दोन पांढरे. मागचा उजवा पांढरा तू.

शहरात मोकळ्यावर उडवायचं तर लोहगावचा तळ आहे, हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावा लागतो, आणि बाराशे ग्रॅमचं यान नवशिक्याच्या हाती रस्त्यावर सोडणं मला पटत नाही. म्हणून ओळखीच्या एका मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल मंगळवारी दुपारी मागून घेतला. पायांना चार दोऱ्या बांधल्या, चार कोपऱ्यांत घरचे चौघे उभे राहिलो. फ्रान्समध्ये 1907 साली ब्रेगे बंधू आणि प्राध्यापक रिशे यांचं चार पंख्यांचं जायरोप्लेन पहिल्यांदा जमिनीवरून सुटलं, तेव्हाही चार कोपऱ्यांना चार माणसं धरून उभी होती. भाचीनं थ्रॉटल वर केला. यान हातभर वर आलं आणि स्वतःभोवती उजवीकडे फिरू लागलं. स्टिक मध्यावर होती. थ्रॉटल आणखी दिला की आणखी जोरात फिरे. चारही दोऱ्यांना पीळ पडला.

यान का फिरू नये, हे तुला ठाऊक असायला हवं होतं, कारण त्याची एक चतुर्थांश जबाबदारी तुझ्यावर होती. पंखा हवेला एकीकडे रेटतो, तर हवा यानाला दुसरीकडे फिरवते. हेलिकॉप्टरच्या शेपटीला छोटा पंखा लागतो तो याचसाठी. चार पंख्यांत शेपटीची गरज नसते. एक आणि तीन घड्याळाच्या दिशेनं फिरतात, दोन आणि चार उलट, आणि दोघांची ओढ दोघे खातात. यान वळवायचं असेल तर बोर्ड एक जोडी जरा जोरात फिरवतो, दुसरी हळू. एवढ्या नाजूक तोलावर सगळं उभं आहे, आणि त्या तोलात तू तिरका बसला होतास.

आम्ही आधी पंखे तपासले: सुलटा कुठे, उलटा कुठे. बरोबर होते. मग पंखे काढून ठेवले आणि थ्रॉटल पूर्ण वर ठेवून, बोर्डाचं पहिलं आणि चौथं बटण दाबून, चारही ईएससींना थ्रॉटलची खालची-वरची हद्द एकसारखी शिकवली. बोर्ड सपाट फरशीवर ठेवून सेन्सर पुन्हा जुळवले. ट्रान्समीटरचे ट्रिम शून्यावर आणले. दोन नंबरचा आणि तुझा ईएससी अदलाबदल करून पाहिला. दोष ईएससीत असता तर त्याच्याबरोबर सरकला असता. तो जागचा हलला नाही. यान उजवीकडेच फिरलं.

आणि मग मी ते केलं, ज्याचा राग मला तुझ्याइतकाच स्वतःचा आहे. मी भाचीला म्हणालो, 'तुझ्या जोडात ड्राय सोल्डर असणार, कथिल नीट धरलं नसणार.' तिनं बारा जोड सोडवले आणि पुन्हा केले. तीनदा. तिसऱ्यांदा बोटाला चटका बसला, ती नळाखाली बोट धरून गप्प उभी राहिली. तिचे जोड पहिल्या दिवसापासून चकचकीत, पक्के होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण सहज म्हणतो. माझ्या घरात ती मी दिली आणि चोर शेजारी पडून होता.

तुझी चोरी उघडी पडली ती तिच्याच हातानं. पाचव्या चाचणीनंतर बॅटरी काढून तिनं चारही मोटरींना बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, 'मामा, एक आणि तीन तापल्यात, दोन आणि चार गारच आहेत.' इथे सगळं उलगडलं. यान उजवीकडे जाऊ पाहत होतं, त्याला रोखायला बोर्ड एक-तीनची जोडी जास्त फिरवत होता आणि दोन-चारची कमी. म्हणजे इतके दिवस कुणी तरी यानाला आडवं ढकलत होतं आणि बोर्ड मुकाट्यानं ते सावरत होता. त्याची सावरण्याची हद्द संपल्यावर उरलं, तेवढंच फिरणं आम्हाला दिसत होतं. तुझा दोष त्याहून कितीतरी मोठा होता.

मग तिनं पट्टी घेतली. यान टेबलावर, पंखा आर्माला काटकोनात, एका टोकाची टेबलापासूनची उंची, मग दुसऱ्या टोकाची. एक, दोन आणि चार नंबरला दोन्ही टोकं सारखी. तुझ्याकडे 13 मिलिमीटरचा फरक.

दहा इंची पंख्याच्या टोकांत 13 मिलिमीटर म्हणजे मोटर 3 अंश कललेली. मोटरीच्या बुडाशी तो फरक जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर, डोळ्याला न दिसणारा. तुझ्या वाट्याला 300 ग्रॅमची उचल होती. तीन अंशांच्या कलण्यानं त्यातले जवळपास 16 ग्रॅम चार नंबरच्या दिशेनं आडवे गेले, आणि मध्यापासून 22.5 सेंटिमीटरच्या टोकावर बसून तू ते रेटत होतास. मध्यापासून इतक्या लांब बसलेल्याचे 16 ग्रॅमही थोडे नसतात. एका पंख्याची स्वतःची जी उलटी फिरकी असते, तिच्या निम्म्याहून अधिक तू एकट्यानं भर घालत होतास.

तू वाकलास केव्हा, तेही आता कळलंय. पहिल्या आठवड्यात, दोऱ्या बांधण्याआधी, यान हॉलच्या खांबाला घासून तुझ्याच कोपऱ्यावर पडलं होतं. तुला पुसून पाहिलं, तडा दिसला नाही, म्हणून परत लावलं. तडा होता, प्लेटखाली, स्क्रूच्या भोकापाशी, केसाएवढा. तुला मुळाशी पीळ पडला होता आणि वरून तू नवा दिसत होतास. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तू तर जळालाही नव्हतास.

मोटर एक झिजली, तीन झिजली, बॅटरी लवकर संपत गेली, बोर्डानं न सांगता ओझं वाहिलं, एका मुलीनं न केलेल्या चुकीसाठी तीनदा कथिल वितळवलं. तू काय केलंस? तिरका बसलास.

काल नवा आर्म लावला. पट्टीवर दोन्ही टोकं सारखी आली. हॉलमध्ये यान हातभर वर गेलं, दोऱ्या सरळ राहिल्या. उतरल्यावर भाचीनं चारही मोटरींना बोट लावलं, चारही सारख्याच कोमट. मग मी तिची माफी मागितली, दोऱ्या धरणाऱ्या सगळ्यांसमोर.

तुला तिनं फेकू दिलं नाही. पांढऱ्या अंगावर मार्करनं '13 मिमी' लिहून तुला टेबलाच्या खणात ठेवलंय, पट्टीशेजारी.

— भाचीचा मामा