पंचाहत्तर सत्कर्मे आणि एक कूलर

केंद्र सरकारचे ‘मिशन लाइफ’ नावाचे एक प्रकरण आहे. 20 ऑक्टोबर 2022 रोजी गुजरातेत केवडियाला, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँटोनियो गुटेरेस यांच्या साक्षीने पंतप्रधानांनी त्याचा नारळ फोडला. पृथ्वी वाचवण्यासाठी माणसाने करायच्या 75 गोष्टींची यादीही निघाली. दिवे एलईडीचे लावा, एसी 24 वर ठेवा, भाज्या धुतलेले पाणी कुंड्यांना घाला, बांबूचा टूथब्रश आणि कडुलिंबाचा कंगवा वापरा, दुधाची पिशवी नीट कापा, वगैरे. दिल्लीत यादी निघाली म्हणजे देशात निम्मे काम झाले, असा आपला जुना अनुभव आहे. उरलेले निम्मे छत्तीसगडातल्या भिलाईच्या सेक्टरांतल्या मराठी मंडळींनी अंगावर घेतले.

यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि खरेदी सुरू झाली. बांबूचे ब्रश आले. प्रत्येक ब्रश पुठ्ठ्याच्या नळीत, नळ्या फुगेवाल्या प्लास्टिकात, ते खोक्यात आणि खोक्याला हातभर चिकटपट्टी. कडुलिंबाचा कंगवा कुठल्याशा दूरच्या गोदामातून विमानाने आणि मग व्हॅनने आला. तो घेऊन येणारा पोरगा क्वार्टरच्या फाटकापाशी घाम पुसत उभा होता, कडुलिंबाच्याच सावलीत. वास्तविक त्या 75 कलमांत विकत घ्यायची कलमे थोडी आणि सोडून द्यायचीच जास्त आहेत. पण न घेतलेल्या वस्तूचा फोटो ग्रुपवर टाकता येत नाही, ही त्या यादीतली मोठीच उणीव म्हणायला हवी.

पुरुषवर्ग पहिल्यापासून विरोधी बाकांवर होता. त्यांचा मुद्दा एकच आणि तो खिडकीतून दिसणारा: पोलाद कारखान्याची चिमणी. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी इथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. रशियनांच्या मदतीने दहा लाख टनांपासून सुरुवात झाली आणि विस्तार होत होत क्षमता सत्तर लाख टनांवर गेली. झोतभट्टीच्या पद्धतीने एक टन पोलाद करायला दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. “आणि तू माझ्या हातातली पिशवी मोजतेस?” हा युक्तिवाद भिलाईत कुठेही चालतो. बारशाला पाण्याच्या बाटल्या का? चिमणीकडे बघा. मोटार धुवायला नळी कशाला लावली? चिमणीकडे बघा. पुण्याच्या माणसाला ही सोय नाही. त्याला दोष द्यायला निदान शेजारची सोसायटी तरी शोधावी लागते.

गंमत अशी की, आमच्या भागातला सगळ्यांत काटकसरी संसार कारखान्याच्या भिंतीपलीकडेच चालतो. कोक भट्टीतून आणि झोतभट्टीतून निघणारा वायू तिथे वाया घालवत नाहीत. तोच पुन्हा जाळून भट्टीची हवा तापवतात, वीज करतात. एक टन लोखंडामागे तीन-चारशे किलो मळी निघते, ती पाण्याच्या झोताने दाणेदार करून सिमेंटला जाते. शेजारीच जामुलचा सिमेंट कारखाना त्यासाठी उभा आहे. कोळशातून निघणाऱ्या अमोनियाचे खत होते, डांबरातून नॅफ्थलीन निघते, आणि कापलेल्या पोलादाचे तुकडे परत भट्टीत जातात. उरलेल्या पोळीची फोडणीची पोळी करणारी गृहिणीसुद्धा इतके करीत नाही. तरी चिमणीतून जायचे ते जातेच, कारण तिथे कोळसा नुसता सरपण म्हणून वापरत नाहीत. खनिजातला ऑक्सिजन ओढून काढायचे कामही त्यातल्या कार्बनचेच आहे. तो ऑक्सिजन घेऊन कार्बन वर निघून जातो. काटकसरीने हे थांबत नाही, त्यासाठी भट्टीच बदलावी लागते. हे सगळे आमच्या पुरुषवर्गाला चांगले ठाऊक आहे, कारण ते त्यांनी नोकरीभर केले आहे. घरी मात्र त्यांना सांगायला फक्त चिमणी आठवते.

रेल मिलमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी तर हिशेबच मांडला, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर. 60 वॉटचा जुना दिवा काढून 9 वॉटचा एलईडी लावला आणि रोज पाच तास जाळला तर वर्षाला 93 युनिट वाचतात. आपली वीज बहुतेक कोळशाची, म्हणजे धूर वाचला ढोबळ मानाने 65-70 किलो. आता रेल्वेचा रूळ मीटरला 60 किलोचा. त्याच्या धुराशी ताळा घातला, तर एक दिवा वर्षभर बदलून ठेवल्यावर वाचतो अर्धा मीटर रूळ! काकांनी विजयाने चष्मा काढला. “आणि आपल्या कारखान्यातून 260 मीटरची एकेक पट्टी बाहेर पडते. एका पट्टीला पाचशे वीस दिवे लागतील, कळलं?”

आतून वाटाणे सोलता सोलता काकूंनी विचारले, “अहो, मग आपल्या सेक्टरात पाचशे वीस दिवे नाहीत का?”

काकांनी चष्मा पुन्हा लावला आणि अग्रलेख वाचायला घेतला.

घर हिरवे झाले की ओघाने पोटही हिरवे करावे लागते. 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. तेव्हापासून आमच्याकडे कोदो-कुटकीला जे दिवस आले, ते त्या धान्यांनी स्वप्नातही पाहिले नसतील. इथल्या गावांत घरी तांदूळ नसेल तर कोदो शिजायचा. आता तांदूळ भरपूर आहे म्हणून कोदो शिजतो. अर्धा किलोच्या चकचकीत पाकिटात, खिडकी पाडलेल्या, आणि भाव असा की बासमतीला न्यूनगंड यावा. पहिल्या आठवड्यात कोदोची खिचडी झाली, दुसऱ्या आठवड्यात कोदोचा उपमा. तिसऱ्या आठवड्यात कोदो पोरका झाला आणि बरणीत टोके झाले.

बोरे बासीचेही तसेच. रात्रीचा भात पाण्यात ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची घेऊन खायचा. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात याच्याइतके शहाणे जेवण दुसरे नाही. 1 मे 2022 ला तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी, भूपेश बघेलांनी, श्रमिकांच्या सन्मानासाठी सगळ्यांनी बासी खावी असे आवाहन केले. त्या दिवशी राज्यातल्या झाडून साऱ्या साहेबांनी वाडग्यासह फोटो काढून घेतले. आमच्याकडे एका घरी बासी मातीच्या भांड्यात, बाजूला पुदिन्याचे पान ठेवून वाढली गेली. धुणेभांडी करणारी बाई तेव्हाच आली. तिने वाडग्यात डोकावून पाहिले आणि म्हणाली, “बासी तो हमन रोज खाथन, दीदी.” तिचा फोटो कोणी काढला नाही.

सायकलीचे फार सांगत नाही. एके काळी कारखान्याची पाळी सुटली की इथल्या रुंद रस्त्यांवर सायकलींचा लोंढा वाहायचा. आता वजन कमी करायला मैत्री बागेत फिरायला जातात, आणि मैत्री बागेपर्यंत मोटारीने. बागेपाशी गाडी लावायला सावली मिळाली नाही तर फिरणे रद्द.

दुधाच्या पिशवीवर मात्र थांबायला हवे. तिचा कोपरा आपण कात्रीने टचकन उडवतो. तो इवलासा त्रिकोण ओट्यावरून चहाच्या चोथ्यात, चोथ्यातून ओल्या कचऱ्यात आणि तिथून खतात जातो, आणि खतात तो आपल्या नातवंडांपर्यंत टिकतो. एक छोटा काप द्यायचा आणि टोक पिशवीलाच राहू द्यायचे, एवढेच त्या कलमाचे म्हणणे आहे. पैसे पडत नाहीत, वेळही जात नाही. पण आमच्या ग्रुपवर या कलमाला एकही अंगठा मिळाला नाही. कचऱ्याची गाडी गाणे वाजवत येते तेव्हा स्वच्छता दीदी हातमोजा घालून आमचा ओला कचरा चिवडतात आणि ते त्रिकोण वेचतात, हे दृश्य पाहायला कोणी फाटकापर्यंत येत नाही. डबा ठेवून आपण आत पळतो. तिकडे अंबिकापुरात महापालिकेने 2019 मध्ये किलोभर प्लास्टिक आणणाऱ्याला जेवण आणि अर्धा किलोला नाश्ता देणारे कॅफे काढले. त्या दराने आमचा सेक्टर आयुष्यभर जेवू शकेल, फक्त कचरा वेचायला खाली वाकावे लागेल.

आणि आता कूलर. मे महिन्यात इथे पारा 44-45 वर जातो, तेव्हा ज्याच्या खिडकीत कूलर नाही त्याला भिलाईकर म्हणत नाहीत. एसीपेक्षा वीज कमी खातो म्हणून आमच्या हरित चळवळीत कूलरला मानाचे स्थान आहे. पाऊस आला की पंखा बंद होतो. कूलर मात्र पोटात चार बोटे पाणी घेऊन खिडकीतच राहतो, थेट दिवाळीच्या सफाईपर्यंत. जोडीला ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा उपक्रम आहे. शीतपेयाच्या बाटल्या आडव्या कापून, रंगवून, गॅलरीत टांगलेल्या आणि त्यांत मनीप्लांट. कुंडीखाली बशी, बशीत पाणी. भाज्या धुतलेले पाणी, आरओचे फेकलेले पाणी, सगळे बादल्यांतून साठवलेले. (आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर फेकतो. मुळात क्षार कमी असलेल्या पाण्याला आरओ कशाला, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये विचारले होते. आमच्याकडे फेकलेले पाणी वाचवतात, आरओ कोणी काढत नाही.)

एका पावसाळ्यात हरित गॅलरीची स्पर्धा झाली. पहिल्या क्रमांकाच्या गॅलरीत दुसऱ्याच दिवशी डासांची तपासणी करणारी मुलगी आली, हातात टॉर्च आणि पांढरा डाव. तिने बक्षीसपात्र बाटलीतले पाणी डावात घेतले आणि उजेडात धरले. पाण्यात स्वल्पविरामाएवढे जीव वळवळत वर-खाली करत होते. मग कुंडीखालची बशी, मग कूलर. “मॅडम, सगळीकडे अळ्या आहेत,” ती म्हणाली. यजमानीणबाई म्हणाल्या, “अगं, पण हे सगळं नैसर्गिक आहे!”

आहेच. एडिस डासाइतका नैसर्गिक प्राणी दुसरा नाही. 2018 च्या पावसाळ्यात याच शहरात डेंग्यूने थैमान घातले, खुर्सीपारसारख्या वस्त्यांत घरोघरी माणसे तापाने झोपली आणि कितीतरी दगावली. तेव्हा महिनाभर सगळे शहर कूलर उपडे करत होते. या डासाची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. पाणी ओतून टाकले तरी ती अंडी कोरडी होऊन महिनोन्महिने टिकतात आणि पुढच्या पाण्याला फुटतात. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतायचे आणि टाकी आतून खरवडून घासायची. काम घाणेरडे आहे. शेवाळ हाताला लागते, गंजाचे डाग साडीला पडतात आणि हे करताना कोणी फोटो काढलाच तर तो पाहवत नाही. 75 कलमांतले विकत मिळणारे सगळे घरात आले, पण कूलर घासायला कोणी तयार होईना. हा म्हणतो तिने घासावा, ती म्हणते चिमणीकडे बघा.

अशात संक्रांत आली. हळदीकुंकवाला वाण काय लुटायचे, यावर बैठक बसली. गेली काही वर्षे वाण म्हणून कापडी पिशव्याच लुटल्या जात आहेत. प्रत्येक घरी दाराआड एका पिशवीत पिशव्या, त्या पिशवीत आणखी पिशव्या, आणि भाजी आणायला निघताना मात्र हातात एकही नाही. 2018 मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने हिशेब काढला होता की, हवामानाचा विचार केला तर सुती पिशवी निदान 52 वेळा वापरली तरच ती प्लास्टिकच्या पिशवीला भारी पडते, आणि पर्यावरणाचे सगळेच निकष धरले तर 7,100 वेळा. हे वाचून दाखवल्यावर एका ज्येष्ठ वहिनी म्हणाल्या, “डेन्मार्कात संक्रांत करतात का?” विषय संपला.

मग कोणी सुचवले, स्टीलचे चमचे देऊ या, आपल्या गावचे पोलाद. त्यावर रेल मिलवाल्या काकूंनी खुलासा केला की भिलाईत रूळ होतात, जाड पत्रे होतात, सळ्या होतात, पण चमच्याचे स्टील इथे होत नाही. गावाचा स्वाभिमान थोडा दुखावला.

तेव्हा मागच्या रांगेतून एक नवी सून म्हणाली, “काकू, कूलर घासायचा लांब दांड्याचा ब्रश देऊ या का? प्रत्येकीच्या उपयोगी पडेल.”

सगळ्या गप्प झाल्या. हळदीकुंकवाला घासणी? सवाष्णीच्या ओटीत? एकीने विचारले, त्याला हळदीकुंकू लावायचे कुठे, दांड्याला की केसांना? दुसरीने म्हटले, लोक काय म्हणतील, संक्रांतीला भांडीवालीचे सामान वाटतात! पण सून कोकणातली, हेका सोडीना. अखेर तडजोड झाली. ब्रशच द्यायचा, पण तो उघडा दिसता कामा नये. त्याला मापाची उभी कापडी पिशवी शिवून घ्यायची, वर खणाची किनार लावायची आणि पिशवीवर छापायचे ‘वसुंधरा वाचवू या’. छापणारा दोनशेच्या खाली काम घेत नाही, म्हणून दोनशे.

पिशव्या शिवून, छापून आल्या आहेत. ब्रश कोणी आणायचे ते पुढच्या बैठकीत ठरेल.