विमानाचा सातबारा

शिळफाट्याच्या कोंडीवर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी कायमचा तोडगा काढला आहे. ते दोन आसनी सेसना घेणार आहेत. जुनी, पण ‘सिंगल ओनर’. पार्किंगचा विषय सर्वसाधारण सभेत आला तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंनी एकच विचारलं, “त्याला पीयूसी लागते का हो?”

काकू, पीयूसी तेवढी लागत नाही. बाकी सगळं लागतं.

आपल्या रिक्षेला एमएच-05, तसं विमानाला व्हीटी. इंग्रजांनी चिकटवलेली ही अक्षरं अजून निघालेली नाहीत. ती मिळवायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं नोंदणी प्रमाणपत्र. मग विमान उडण्यालायक असल्याचं प्रमाणपत्र, आणि ती लायकी अजून शिल्लक आहे का, हे तपासून मिळणारा निराळा कागद. विमा, रेडिओचा परवाना, आवाजाचा दाखला, लॉगबुक. शिवाय वजनाचा तक्ता. कोण कुठे बसणार, सामान कुठे, इंधन किती, याचा हिशेब उडण्याआधी मांडायचा. डोंबिवली स्टेशनबाहेर चौथी सीट आपल्या मांडीशेजारी बसवून हँडल वाकडं धरणाऱ्या रिक्षावाल्याला हा तक्ता दाखवा, तो आधी हसेल आणि मग ‘बसा हो, सरका जरा’ म्हणेल. आणि हे कागद घरच्या कपाटात ठेवून भागत नाही, विमानात बरोबर लागतात. ‘साहेब, पोराला व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगतो’ हा आपला हुकमी डाव इथे फुकट.

वैमानिकाचं आणखी वेगळं. खासगी परवान्याला वय 17 पूर्ण, निदान 40 तासांचं उड्डाण, हवामान, दिशादर्शन आणि नियमांच्या परीक्षा, रेडिओवर बोलायचा स्वतंत्र परवाना. वैद्यकीय तपासणी मात्र सेकंड क्लासची चालते. तेवढ्या बाबतीत डोंबिवलीकर जन्मतः पात्र. एवढं करून फेरीआधी हवाई संरक्षणाचा नंबर घ्यायचा. शिळफाट्याला जायला कसलाच नंबर लागत नाही, म्हणून तर सगळे तिथेच असतात.

सेक्रेटरींनी उमेद सोडली नाही. त्यांनी अमोल यादवांचं नाव काढलं. कॅप्टन यादवांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. आमच्या गच्चीवर पापड वाळवायला सोसायटीची परवानगी लागते, ते सोडा. 2016च्या फेब्रुवारीत बीकेसीच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मांडलं आणि मंत्रीसंत्री त्याच्यासमोर फोटो काढून गेले. नोंदणीचा कागद मिळाला नोव्हेंबर 2017मध्ये, तोही व्हीटी-एनएमडी या अक्षरांसह. नरेंद्र मोदी, देवेंद्र, अशी कृतज्ञता यादवांनी त्यात कोरली. उडण्याची परवानगी हाती पडायला ऑक्टोबर 2019 उजाडला. गच्चीवरून विमान खाली आणायला क्रेन पुरली, टेबलावरून फाइल खाली आणायला दोन नेत्यांची आद्याक्षरं लागली!

“ते ठीक,” सेक्रेटरी म्हणाले, “पण धावपट्टी तर आपल्याकडे आहे. नेवाळीला.”

आहे की. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी नेवाळी आणि आजूबाजूच्या गावांच्या जमिनी विमानतळासाठी घेतल्या. युद्ध 1945ला संपलं, इंग्रज 1947ला गेले, जमीन काही परत गेली नाही. शेतकरी तिथे भात लावत राहिले आणि नौदल आपलीच म्हणत राहिलं. 2017मध्ये नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली आणि 22 जूनला हाजीमलंग रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या पेटल्या. म्हणजे विमानाचे सगळे कागद गोळा केलेत तरी चाकं जिथे टेकायची, त्या जागेच्या सातबाऱ्यावर भांडण उभंच. आणि त्या भांडणात माझं मन विचाराल तर ते भात लावणाऱ्याकडे आहे.

मला या साऱ्यात डीजीसीएचा राग येत नाही. नियम जाचक आहेत, काही निव्वळ छळणारे आहेत, पण क्रम सरळ आहे: कागद पूर्ण, मग चाकं जमिनीवरून सुटणार. आमच्या कल्याण-डोंबिवलीत क्रम उलटा. इथे आधी सात मजले वर जातात. महापालिकेच्या नावाची बनावट बांधकाम परवानगी तयार होते, तिच्यावर महारेराचा क्रमांक मिळतो, क्रमांकावर बँकेचं कर्ज, आणि कर्जावर एक कुटुंब देवघरासकट राहायला येतं. मग नोव्हेंबर 2024मध्ये उच्च न्यायालय सांगतं, अशा 65 इमारती पाडा. दोन माणसांच्या सेसनाचं वजन तोलायला तक्ता; शेकडो माणसं पेलणाऱ्या इमारतीचा शिक्का खरा की खोटा, हे ती उभी राहीपर्यंत कुणी पाहायचं नाही. शिक्के मारणारे कधीच उतरले, हप्ते भरणारे अजून हवेत आहेत.

सेक्रेटरींनी सेसनाचा नाद सोडला आहे. सध्या ते मुलासाठी डोंबिवली पूर्वेला फ्लॅट बघतात. त्यांना आणि तुम्हालाही विनंती: बिल्डरकडून बांधकाम परवानगीचा जावक क्रमांक घ्या, कल्याणच्या शंकरराव चौकात महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा आणि तो त्यांच्या दप्तरी आहे का, विचारा. रेरा नंबरवर विसंबू नका. त्या 65 इमारतींनाही तो होता.