डब्यात काय आहे?

माझा स्वभाव संशयी आहे, असं बायकोचं मत. वांगीसुद्धा मी देठ बघून घेतो. त्यामुळे ‘आधी पैसे द्या, मग वस्तू बनवू’ ही ऑनलाइन लोकवर्गणीची तऱ्हा मला पटलेली नाही. गणपतीची वर्गणी मागणारे निदान मंडपाचे बांबू तरी दाखवतात.

पण कोलेको कॅमेलियनची कथा वाचली आणि कळलं, संशयाच्या शाळेत मी अजून बालवाडीत आहे.

गोष्ट अमेरिकेतली. २०१५ साली काही मंडळींनी ‘रेट्रो व्हीजीएस’ नावाचं गेमिंग यंत्र जाहीर केलं. इंटरनेट नको, अपडेट नको. जुन्यासारखी कॅसेट खुपसा आणि खेळा. ऐकूनच चाळिशीतल्या माणसाचे डोळे पाणावतील! चालतं यंत्र मात्र तयार नव्हतं. होते ते डब्याचे साचे, अटारी जॅग्वार या कधीच बंद पडलेल्या कन्सोलचे. मधल्या काळात त्याच साच्यांतून दंतवैद्यांच्या एका उपकरणाची खोकी निघत. म्हणजे दाखवायच्या दातांची सोय आधीपासूनच होती. एवढ्या भांडवलावर इंडीगोगो या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर साडेएकोणीस लाख डॉलर मागितले. ते काही जमले नाहीत.

मग डब्याचं बारसं पुन्हा झालं. ऐंशीच्या दशकातल्या खेळण्यांच्या कंपनीचं ‘कोलेको’ हे वजनदार नाव लावून तो ‘कोलेको कॅमेलियन’ म्हणून फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात आला, आणि चक्क चालला. पण बघे पोचलेले. फोटोतली डब्याची पाठ न्याहाळून त्यांनी ताडलं, की आत निन्टेन्डोचंच जुनं यंत्र बसवलेलं दिसतंय! लोकांची खात्री पटावी म्हणून पुढे पारदर्शक डब्याचा फोटो आला. आतलं हिरवं सर्किट ऐटीत दिसत होतं. ते सुरक्षा कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं जुनं कार्ड असल्याचं लोकांनी मॉडेलसकट ओळखलं. झाकलेली मूठ सव्वा लाखाची असताना ती उघडायची, वर काचेची करायची, याला धाडस म्हणावं की भाबडेपणा?

कोलेकोवाल्यांनी यंत्र तपासायला मागितलं आणि मार्चमध्ये आपलं नाव काढून घेतलं. किकस्टार्टर या दुसऱ्या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरची नवी मोहीम सुरूच झाली नाही.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘सिंक्लेअर स्पेक्ट्रम वेगा प्लस’ या गेमिंग यंत्रासाठी अशाच लोकवर्गणीतून पाच लाखांहून अधिक पौंड जमले. २०१८ मध्ये मोजक्या लोकांच्या हाती यंत्र पडलं, २०१९ मध्ये कंपनी गुंडाळली गेली. तिथे डबाही खरा होता आणि सिंक्लेअर हे नावही. माझ्यासारख्यानं देठ बघून ते वांगं घेतलंच असतं.