अजून जरासक टाक ना भाऊ!

पेट्रोल पंपावरच्या नोझलला देवानं नाही, पण कंपनीनं पुरेशी अक्कल दिलेली आहे. त्याच्या तोंडाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहत असताना त्या भोकातून हवा आत ओढली जाते. टाकीतलं पेट्रोल वर येऊन भोक बुजलं की हवा अडते, आतला खटका पडतो आणि धार बंद होते. यात ना बॅटरी, ना सेन्सर, ना कोणाचा वशिला. जगभर हे यंत्र असंच चालतं. अमरावती-अकोल्यात मात्र खटका पडला की खऱ्या व्यवहाराला सुरुवात होते.

"झालं भाऊ, कट झालं."

"अबे, कट झालं म्हंजे भरली काय? अजून जरासक टाक ना!"

मग पंपावरचा पोरगा नोझल अर्धं बाहेर ओढतो, बोटाच्या दाबावर धार सोडतो, थांबतो, वाकून पाहतो, पुन्हा सोडतो. तेवढ्यात मालक खाली उतरून गाडीचा मागचा भाग दोन्ही हातांनी गदागदा हलवायला लागतात. कापसाच्या गाडीत माणूस उतरवून कापूस तुडवावा, तसं पेट्रोलही दाबून बसतं अशी त्यांची पक्की समजूत. चार हजार एकशे बासष्ट झालेले असतात, त्याचे बेचाळीसशे करायचे असतात. अडतीस रुपये सुटे कोणाजवळच नसतात, हेही खरं. शेवटी पेट्रोल गळ्याशी येऊन डबडबतं, दोन ओघळ रंगावरून खाली उतरतात, आणि मालकांच्या चेहऱ्यावर कर्जमाफी मिळाल्याचं समाधान दिसतं.

ते टिकतं मीटरकडे नजर जाईपर्यंत. गाडीच्या पुस्तकात टाकी ३७ लिटरची लिहिलेली, आणि मीटर चाळीस दाखवतो!

"तीन लिटर तं सरळसरळ मारले तुमी!"

"तुमीच म्हनलं ना भाऊ, अजून टाक म्हून."

या उत्तरावर आजवर एकाही ग्राहकाला तोड सापडलेली नाही, म्हणून तो आवाज वाढवतो. पुस्तकात लिहिलेला आकडा असतो तो साधारण खटका पडेपर्यंतचा. त्याच्या वर टाकीत आणि नळीत कंपनीनं मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते. तीच जागा आपण हट्टानं भरून घेतली, आणि वर तिचा हिशेब मागतो आहोत. मापाबद्दल खरंच शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं. ते भरून दाखवा म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्याहून जास्त असेल तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते. पण माप मागायला पाच मिनिटं लागतात. भांडायला कुठं वेळ लागतो? दुचाकीवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. मशीन शंभरवर 'सेट' असते म्हणून ते एकशे दहाचं टाकायला सांगतात आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कारस्थानातून थोडक्यात सुटल्याच्या थाटात किक मारतात.

ती मोकळी जागा कशासाठी असते, हे वऱ्हाडातल्या माणसाला तरी सांगायची गरज पडू नये. पेट्रोल तापलं की फुगतं, दर दहा अंशांना साधारण एक टक्का. जमिनीखालच्या टाकीतलं थंड पेट्रोल गळ्यापर्यंत घ्या, गाडी मे महिन्यात दुपारी उन्हात उभी करा. पेट्रोल वीस अंशांनी तापलं तर चाळीस लिटरमागे पाऊण लिटर जास्तीचं होतं. ते जाणार कुठं? मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५.८ अंशांवर गेला तेव्हा जिल्हा प्रशासनानं कलम १४४ खाली हुकूम काढला होता: कामगारांना पाणी-पंखे द्या, शिकवणी वर्ग भर दुपारी घेऊ नका. पेट्रोलच्या रेणूंना तो हुकूम कोणी वाचून दाखवला नाही. ते जमाव करतात आणि वाट मिळेल तिकडे निघतात.

त्यांची वाट जाते कोळशाच्या डब्याकडे. पेट्रोल गाडीत एक डबा असतो, त्यात सक्रिय कोळसा. टाकीतली वाफ हवेत न सोडता तो धरून ठेवतो, नंतर इंजिन ती ओढून जाळतं. डब्याचं काम वाफेपुरतंच आहे. आपण 'जरासक' टाकलेलं पेट्रोल पातळ रूपातच तिथं शिरलं की कोळसा भिजतो, गाडीत वास येतो, कधी पेट्रोल भरल्या-भरल्या गाडी सुरू व्हायला कुरकुरते. मग मेकॅनिक येतो. तो मात्र कमी-जास्त न करता थेट राउंड फिगरच सांगतो.

आता याच माणसाचा दुसरा अवतार बघा. उन्हाळा लागला की तो सकाळी सहा वाजता व्हॉट्सॲपवर पाठवतो: टाकी अर्धीच भरा, नाहीतर स्फोट होईल! हा निरोप दर उन्हाळ्यात न चुकता येतो. गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणं हिवाळा असो की उन्हाळा, सुरक्षितच आहे, असं इंडियन ऑईलनं जाहीर सांगून झालं. पण खुलासा पुढं पाठवण्यात काय मजा?

आणि संप म्हटला की हाच माणूस सगळ्यांच्या पुढं. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत 'हिट अँड रन'च्या नव्या कलमावरून टँकर-ट्रकचालकांनी चाकं थांबवली, तेव्हा राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. दहा वर्षांपर्यंतची शिक्षा होणार होती चालकांना, आणि धाबं दणाणलं होतं रोज अमरावतीच्या राजकमल चौकातून बडनेऱ्यापर्यंत जाणाऱ्याचं. दोन तारखेच्या रात्री दिल्लीत बोलणी होऊन संप मिटला. त्याची टाकी तेव्हा गळ्यापर्यंत भरलेली होती, आणि रांगेत इंजिन चालू ठेवून त्यानं त्यातलंच थोडं जाळलंही होतं.

बरं, जायचं तरी कुठं असतं? लोणी ते माना दरम्यान एका मार्गिकेचा सलग ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झाला, गिनीजमध्ये नाव लागलं. त्या रस्त्यानं अमरावतीहून अकोला शंभरेक किलोमीटर. लिटरला वीस देणाऱ्या गाडीला पाच लिटर पुरतात. मध्ये मूर्तिजापूर आहे, पंप आहेत, पेट्रोल तिथंही त्याच नोझलमधून येतं.

तेव्हा राजेहो, पहिला खटका पडला की झाकण लावा, पावती घ्या आणि गाडी पुढं घ्या. मागं लाईन लागली आहे.