बोला की!

व्यंकोजीराजांच्या काळात तंजावरकडे आलेल्या मराठी घरांपैकी एक घर तिरुक्करुगावूरला आहे. गाव कुंभकोणमपासून वीसेक किलोमीटरवर. तिथं रावकाका राहतात. नगररचना शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं सुटलं तरी लोकांना बोलतं करण्याची खोड काही सुटली नाही. जगभरच्या शहरांचे अभ्यासक ते महिन्यातून एकदा पडद्यावर गोळा करतात.

सभेच्या आदल्या संध्याकाळी काकांची पहिली आठवण, सकाळी दुसरी, पाच मिनिटं आधी तिसरी. तिसरीत फक्त ‘आहात ना?’ एवढंच. सभेला काकांचा वेश ठरलेला: वरती शर्ट इस्त्रीचा, खाली वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर. पितळी डबऱ्यात डिग्री कॉफी. काकू स्वयंपाकघरातूनच बजावतात, “मिक्सर लावणार आहे, हवं तर माइक बंद ठेवा.” काकांना माइक बंद ठेवा म्हणणं म्हणजे श्वास बंद ठेवा म्हणण्यासारखंच.

सभा आपल्या संध्याकाळी साडेसातची. तेव्हा तोक्योत रात्रीचे अकरा, लागोसमध्ये दुपारचे तीन, मेक्सिको सिटीत सकाळचे आठ. वेळेवरून कुणी कुरकुरलं की काका पंचारण्य सांगायला लागतात. या भागातली शंकराची पाच अरण्यक्षेत्रं एकाच दिवसात करायची असतात, पहाटे तिरुक्करुगावूरपासून सुरुवात आणि मध्यरात्री तिरुक्कोळ्ळंबुदूरला शेवट. “भाविकांना जमतं, मग प्राध्यापकांना का नाही?” तोक्योचे गृहस्थ जांभई आवरून मान हलवतात.

खरी पंचाईत पुढंच असते. भाषण संपतं, ‘काही प्रश्न?’ म्हटलं जातं आणि सगळे चिडीचूप. गावातल्या गर्भरक्षांबिकेकडे बायका सुखरूप बाळंतपणाचं मागणं घेऊन येतात. काकांचं मागणंही त्याच जातीचं: विद्वानांच्या पोटातला प्रश्न एकदाचा ओठांवर येऊ दे! पण देवीवर सगळा भार टाकून ते स्वस्थ बसत नाहीत. “बोला की! मेक्सिको, तुमचा चेहरा काहीतरी म्हणतोय.” मेक्सिको बिचारा न्याहारी करत असतो.

एकदा एका थोर पाहुण्यांनी जागतिकीकरणावर तासभर तक्ते दाखवले. काकांनी शांतपणे विचारलं, “तुमच्या घरासमोरची गटार कोण साफ करतं?” पाहुणे अडखळले. मात्र लागोसच्या बाईंनी माइक सुरू केला, मग साओ पावलो, मग सगळेच. काकांनी कुंभकोणमचा महामहम काढला. बारा वर्षांनी येणारा मेळा, मागचा 2016 चा, पुढचा 2028 चा. एका तलावाभोवती लाखोंची गर्दी. पाणी, संडास, परतीच्या वाटा यांचं काय करता, हे जो तो विचारू लागला. सभा संपवायला शेवटी काकूंनाच मिक्सर लावावा लागला.

वीज गेली, आवाज तुटला, की काकांचे पॅट्रिक गेडीस ठरलेले. 1914 साली हा स्कॉटिश नगररचनाकार भारतात येत होता, आणि त्याचं शहरांवरचं प्रदर्शन घेऊन येणारं जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेनं बुडवलं. गड्यानं नवं साहित्य जमवून मद्रासला प्रदर्शन भरवलंच. तंजावर-मदुराईच्या गल्ल्या पायी पाहिल्या आणि जुनी वस्ती सरसकट पाडू नका, जपून दुरुस्त करा असं सांगितलं. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू केला, आपले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये तिथूनच पुढं आले. “त्याचं अख्खं प्रदर्शन समुद्रात गेलं तरी तो बोलत राहिला,” काका म्हणतात, “आणि तुमचं नुसतं नेटवर्क गेलंय!”

वैतागतात सगळे. सभा मात्र कुणी सोडत नाही. कारण शहरावर पुस्तक लिहिणारे ढीगभर सापडतात, पण लागोसच्या गटारीची गोष्ट तोक्योला ऐकायला लावणारा एखादाच. तुमच्याही ओळखीत असे एक काका असतील. त्यांनी नाव पुकारलं की नेटवर्कचं निमित्त सांगू नका. माइक सुरू करा आणि आपल्या गल्लीबद्दल बोला.