भिंतीवरून उतरलेले जहाज

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगवलेले आहे. काळ साधारण पाचव्या शतकाचा. चित्रकार कसलेला होता, पण जहाजाचे आराखडे काढणे हे त्याचे काम नव्हते. शिवाय समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. दीड हजार वर्षांनी नौदल हे चित्र घेऊन सुताराकडे जाणार, अशी कुणकुण लागती तर त्याने जहाजाची दुसरी बाजूही दाखवली असती.

जुनी वस्तू जुन्या साहित्यातून, जुन्या रीतीने पुन्हा घडवून पाहणे म्हणजे प्रायोगिक पुरातत्त्व. ग्रंथात अडले की 'बहुधा' लिहून पुढे सरकता येते. सुताराला मात्र भोक नेमके कुठे पाडायचे ते ठरवावेच लागते.

आणि इथे भोके पुष्कळ, कारण जहाज शिवलेले. हिंदी महासागरात शतकानुशतके जहाजांच्या फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याने जोडत. भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु'त याचे कारण दिले आहे: समुद्रातले चुंबकी खडक लोखंड ओढून घेतात. ते खडक अजून कोणाला आडवे आलेले नाहीत. शिवणीचा खरा गुण लवचीकपणा. लाट आदळली की सांधे जरासे हलतात आणि धक्का पचवतात. मार्को पोलोला हे कोणी समजावले नसावे. होर्मुझची शिवलेली जहाजे त्याने साफ कुचकामी ठरवली.

सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी नौदलासाठी अजिंठ्याच्या चित्रावरून जहाज बांधायला घेतले. फळ्या वाफेवर वाकवल्या, एकेक करून शिवल्या, सांधे काथ्या, राळ आणि माशाच्या तेलाने बुजवले. अशा प्रयोगांच्या अहवालांत वासाचे मोजमाप देण्याची पद्धत नाही. चित्रावरून बेतलेला आकार पाण्यात कसा वागेल, याची चाचणी मद्रासच्या आयआयटीत झाली.

२१ मे २०२५ रोजी कारवारला जहाज नौदलात दाखल झाले. नाव 'कौंडिण्य': समुद्र ओलांडून आग्नेय आशियात गेलेला दंतकथेतला नाविक. २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघून ते जानेवारीत शिडांच्या जोरावर मस्कतला पोचले.

असे जहाज ओमानला जाऊ शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले. पाचव्या शतकात ते गेलेच होते, हे नव्हे. चित्रातल्या कोणत्या रेषा बंदरात पाहिलेल्या आणि कोणत्या भिंतीवर जागा उरली म्हणून ओढलेल्या, हेही जहाज सांगत नाही. तरंगला तो चित्रकार, सुतार आणि प्राध्यापक या तिघांचा मिळून केलेला अंदाज.