अ‍ॅडजस्ट करा

शीळफाट्यावर संध्याकाळी साडेसातला माणसाने लॅटिन बोलू नये. मी बोललो.

डोंबिवलीच्या शेअर रिक्षात मागे आम्ही तिघे बसलो होतो. कायद्याने रिक्षा भरली होती, रिक्षावाल्याच्या हिशेबाने नव्हती. महापेहून सुटलेल्या कंपन्यांच्या बस आणि न्हावा-शेव्याकडे निघालेले कंटेनर एकमेकांच्या आडवे येऊन तुंबले होते. तेवढ्यात मेथीची जुडी डोकावणारी पिशवी घेऊन एक मावशी आल्या.

रिक्षावाला म्हणाला, "काका, जरा अ‍ॅडजस्ट करा."

मी चष्मा वर सरकवला. "अ‍ॅडजस्टमध्ये जस्ट आहे. लॅटिनमध्ये युस्तुस, म्हणजे न्याय्य. तिघांच्या जागेत चौथा कोंबणं व्युत्पत्तीलाच धरून नाही!"

"मग उतरा."

व्युत्पत्तीवर इतकं नेमकं भाष्य मी आजवर ऐकलेलं नाही. तत्त्वासाठी उतरलो. माझ्या जागी मावशी बसल्या, मेथीसकट ऐसपैस. रिक्षात पुन्हा तिघेच! कायदा पाळला गेला तो असा.

पुढचा पाऊण तास मी धूर खाल्ला. अखेर एका रिक्षात जागा मिळाली ती चालकाशेजारी. एक मांडी आत, दुसरी कल्याण-शीळ रस्त्यावर. खिडकाळेश्वराचं देऊळ आलं तेव्हा सवयीने हात जोडायला गेलो, दांडा सुटला आणि चालकाने कॉलर धरून मला आत ओढलं. काटई नाक्यापर्यंत ती कॉलर त्याच्याच मुठीत होती.

घरी येऊन कोश उघडला. युस्तुसशी नातं माझ्यासारख्या विद्वानांनी मागाहून चिकटवलेलं निघालं. मूळ शब्द उत्तरकालीन लॅटिनमधला, अद्युक्स्तारे. अद् म्हणजे कडे, युक्स्ता म्हणजे लगत. थोडक्यात, जवळ सरका! फ्रेंचमध्ये त्याचंच आझुते झालं, अर्थ भर घालणं. म्हणजे आणखी एक सीट. त्याहून मागे गेलं तर धातू संस्कृत युज्‌चा सख्खा भाऊ. त्यातूनच योग आला आणि बैलाच्या मानेवरचं जूही आलं. मानेवरून हात फिरवला. कॉलर उसवली होती.

म्हणजे रिक्षावाल्याचं लॅटिन शुद्ध होतं.

दुसऱ्या दिवशी नेमका तोच पहिला रिक्षावाला भेटला. मी तोंड उघडायच्या आत त्याने आपल्या सीटवरची फडकी उचलली, वीतभर बाजूला सरकला आणि म्हणाला, "या काका. लॅटिनवाले पुढे."